निवडणूक याचिका: भ्रष्ट आचरणावर उभी करावी की मतांच्या हिशेबावर?

लोकसभेचा किंवा विधानसभेचा निकाल न्यायालयात नेण्याची वाट एकच आहे, ती म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. निकालापासून ४५ दिवस मिळतात. एका दिवसाचा उशीरही माफ होत नाही, कारण मुदत कायद्याचे कलम ५ इथे चालत नाही. म्हणून याचिका कशावर उभी करायची हे लवकर ठरवावे लागते.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मधले भ्रष्ट आचरण, म्हणजे लाच, धर्म-जातीच्या नावाने मतांचे आवाहन, विरोधी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटा प्रचार वगैरे, बहुतेकांना आधी हाच मुद्दा सुचतो. त्याची ओढ समजण्यासारखी आहे. विजयी उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने आणखी कोणी असे एक कृत्य केल्याचे सिद्ध झाले, तरी निवडणूक रद्द होते. किती मते फिरली हे दाखवावे लागत नाही. पण पुरावा जवळजवळ फौजदारी खटल्याइतका कडक लागतो आणि कथनही तितकेच नेमके. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे पैसे दिले आणि उमेदवाराची संमती कशावरून म्हणता, हे सगळे याचिकेतच हवे. सोबत नमुना २५ मधले प्रतिज्ञापत्र लागते.

इथे मुंबईचाच एक निकाल वाचण्यासारखा आहे. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना हरवले आणि एका मतदाराने त्या निवडीला आव्हान दिले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सारभूत तथ्ये आणि तपशील यांतला फरक स्पष्ट केला. सारभूत तथ्य म्हणजे ज्याच्याशिवाय आरोपच उभा राहत नाही ते. ते सुटले तर मुदतीनंतर घालता येत नाही. आरोप आधीच पूर्ण असेल तर तपशील मात्र दुरुस्तीने वाढवता येतो. दुरुस्तीने आलेले नवे आरोप टिकले नाहीत आणि फर्नांडिस यांची निवड कायम राहिली. ‘मतदारसंघात सर्रास पैसे वाटले’ हे वाक्य कितीही खरे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते पोकळच.

दुसरा मार्ग, म्हणजे मतांच्या हिशेबाचा, कोरडा आहे. उमेदवारी अर्ज चुकीने स्वीकारला, मते चुकीने धरली किंवा बाद केली, नियम मोडले. यात कोणाच्या हेतूवर बोट ठेवावे लागत नाही आणि बरेचसे कागदावर असते. मात्र निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हे मांडून सिद्ध करावे लागते. १९५४ च्या वशिष्ठ नारायण शर्मा खटल्यात, अर्ज चुकीने स्वीकारला गेलेल्या उमेदवाराला मिळालेली मते विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांच्या मतांतल्या फरकापेक्षा जास्त होती. तरीही ती कोणाकडे गेली असती हे केवळ अंदाजाने धरता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. फेरमोजणीची मागणीही याच चाळणीतून जाते: कोणते केंद्र, कोणती फेरी, किती मते, हरकत केव्हा घेतली. (तुमचाच अर्ज चुकीने फेटाळला गेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे परिणाम दाखवावा लागत नाही.)

माझे मत स्पष्ट आहे. फरक थोडा असेल आणि मोजणीवेळच्या लेखी हरकती हातात असतील, तर हिशेबाचाच मार्ग घ्या. त्यात वजन यावे म्हणून भ्रष्ट आचरणाचे दोन परिच्छेद जोडू नका. त्या परिच्छेदांत दुसऱ्या एखाद्या उमेदवारावर आरोप आला आणि त्याला प्रतिवादी केले नाही, तर कलम ८२ आणि ८६ प्रमाणे सगळी याचिकाच फेटाळली जाते. २,००० रुपयांची अनामत न भरल्यासही तेच होते. भ्रष्ट आचरण तेव्हाच घ्या, जेव्हा ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस साक्षीला उभा राहायला तयार असेल.

स्वतःला विजयी घोषित करा, अशी मागणी करणार असाल तर लढलेल्या सर्व उमेदवारांना प्रतिवादी करावे लागते. शिवाय कलम ९७ खाली समोरचा तुमच्या निवडणुकीवरही प्रतिआरोप करू शकतो. म्हणून स्वतःचा खर्चाचा हिशेब आधी तपासून घ्या.