के-मीन्स आठ महिने वापरल्यावर: एन-इनिट डिफॉल्टवर सोडू नका

आठ महिने ग्राहकांचे गट पाडायला के-मीन्स (प्रत्येक ओळ सगळ्यात जवळच्या केंद्राच्या गटात टाकणारी पद्धत) वापरतोय. परवा त्याची पायथन लायब्ररी, सायकिट-लर्न, अपडेट केली, तोच डेटा, तोच कोड, आणि जवळपास पाचातला एक ग्राहक भलत्याच गटात. आधी वाटलं लेबलचे नंबरच उलटेपालटे झालेत, ते होतच असतं. पण अ‍ॅडजस्टेड रँड इंडेक्स काढला, तो नंबर बघत नाही, कोण कोणाबरोबर आहे तेवढंच बघतो, तो आला ०.६८ (१ म्हणजे गट तंतोतंत तेच). म्हणजे माणसं खरंच हलली होती, आणि याच यादीवरून ऑफर जातात हो!

दोन दिवस घालवल्यावर कळलं, कारण एन-इनिट, किती वेळा नव्याने सुरुवात करायची ते ठरवणारं सेटिंग. आधी डिफॉल्ट १० होता, दहा वेळा वेगवेगळी सुरुवात करून सगळ्यात कमी इनर्शियावालं (ओळी आपापल्या केंद्राच्या सगळ्यात जवळ असलेलं) उत्तर ठेवायचं. आता 'ऑटो', म्हणजे सुरुवात के-मीन्स प्लस प्लसने असेल तर एकदाच. प्लस प्लस २००७ पासून आहे, सुरुवातीची केंद्रं लांब लांब निवडतं, चांगलंच आहे, पण निवड शेवटी रँडमच ना, लोकल मिनिममला, म्हणजे बऱ्यापैकी पण सर्वोत्तम नसलेल्या उत्तरावर, अडकायचं तर अडकतंच. आमच्या एवढ्याशा डेटावर वाचतात किती, चार सेकंद! मी सरळ ५० लावलं.

आणि 'रँडम स्टेट फिक्स कर' (म्हणजे सीड, रँडम निवड दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा आकडा) हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सीड फिक्स केला की उत्तर एकच येतं, ते भरवशाचं आहे हे कुठे कळलं?

हे लिहून ठेवलं आणि नंतर मत थोडं बदललं. ५० वर सीड बदलूनही उत्तर तेच येत होतं, पण ८० टक्के ओळी उचलून पन्नास वेळा परत गट पाडले, प्रत्येक गटाचा जकार्ड (मूळ गट आणि नवा गट किती जुळतात, ० ते १) काढला, तर सहापैकी चार घट्ट आणि दोन दर वेळी फुटलेले. एन-इनिटला काय दोष द्यायचा, खरेदीची रक्कम हजारांत, भेटी दहा-वीस, आणि मी स्केलिंगच (दोन्ही एका मापावर आणणं) केलं नव्हतं, त्यामुळे अंतर सगळं रकमेनेच ठरत होतं. रकमेचा लॉग घेतला, दोन्ही कॉलम स्केल केले, सहाचे पाच गट केले, आता सगळे ०.८५ च्या वर.

मध्ये एचडीबीस्कॅन, दाटी बघून गट पाडणारी दुसरी पद्धत, तीही लावून बघितली, निम्म्या ओळी नॉइजमध्ये, म्हणजे कुठल्याच गटात नाहीत अशा, टाकल्या तिने, आम्हाला प्रत्येक ग्राहक कुठेतरी बसवायचाच असतो म्हणून सोडलं.

के-मीन्स चालूच ठेवतोय. फक्त ज्या गटाचा जकार्ड ०.७५ च्या खाली जाईल तो ऑफरच्या यादीत जात नाही, कितीही घाई असली तरी.