मुरुमावरची ई-ग्रॅव्हल सायकल: तीन ऋतूंच्या वापरानंतर

सायकलची माहिती आधी थोडक्यात. ई-ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची, पायडल मारताना मोटारीची मदत देणारी सायकल. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटार, टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) ४० न्यूटन-मीटर. बॅटरी २५० वॉट-अवर (ऊर्जेचं माप) साठवणारी, फ्रेमच्या खालच्या नळीत कायमची बसवलेली. पुढे पायडलपाशी ४० दात्यांचं एकच चेनरिंग (दातेरी चकती), मागे ११ ते ४२ दात्यांची कॅसेट (गिअरच्या चकत्या), ७०० बाय ४० चे ट्यूबलेस टायर, वजन १५ किलोच्या आसपास. वापर मुख्यतः शनिवार-रविवारी: पुण्याजवळचा सासवड-नारायणपूर पट्टा, भाटघर धरणाच्या पाण्याकाठचे कच्चे रस्ते, नीरा डाव्या कालव्याकाठची वाट.

दुकानात कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे डांबरी रस्त्यावर हिचा फायदा बेताचाच. नोंदणी आणि लायसन्स नको असेल तर मोटारीची मदत ताशी २५ किमी वेगाला थांबावी लागते. सपाट डांबरावर सरावातला माणूस २७-२८ ने जातो, म्हणजे मोटार गप्प आणि तिचं ओझं मात्र सोबत. मुरुमावर वेग १५ ते २० मध्येच राहतो, त्यामुळे ती सतत कामात असते. घ्यायची तर कच्च्या रस्त्यांसाठीच घ्या.

पल्ल्याचा हिशोब किलोमीटरवर नको, चढावर करा. माणूस, सायकल, पाणी मिळून ९५ किलो १०० मीटर वर न्यायला साधारण २६ वॉट-अवर लागतात. निम्मं काम मोटारीने केलं आणि वाया जाणारी ऊर्जा धरली, तर बॅटरीतून १७-१८ जातात. म्हणजे कागदावर १,४०० मीटर चढाई. पण मुरुमाचा घर्षणविरोध धरून १,००० मीटरच्या वर बेत आखू नये. कालव्याकाठी चढ जवळजवळ नाहीच, तिथे सर्वांत खालच्या असिस्टवर (मोटारीच्या मदतीच्या पायरीवर) बॅटरी दिवसभर पुरते.

तीव्र चढ हा हब मोटारीचा खरा कच्चा दुवा. मोटार चाकातच असल्याने गिअर बदलून तिला काही मदत होत नाही. ४० न्यूटन-मीटरवर पूर्ण २५० वॅट मिळायला ८ किमी वेग लागतो. तो ५ वर आला की तीच मोटार जेमतेम १६० वॅट देते आणि जास्तीची वीज उष्णता होऊन गुंडाळीत साठते. १२ टक्क्यांच्या खडीच्या चढावर हे हमखास होतं, मग मोटार स्वतःच मदत कमी करते. उपाय: चढ सुरू व्हायच्या आधीच पायांसाठी हलका गिअर टाकून वेग ८ च्या वर राखणं. चेनरिंग ३६ चं बसवलं तर पाय अडत नाहीत. हा बदल पहिल्याच महिन्यात करावा.

या मोटारीला पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर नाही, फक्त पायडल फिरतंय का तेवढं कळतं. म्हणून जोर अर्ध्या फेरीनंतर येतो आणि पाय थांबल्यावर क्षणभर उरतो. सुट्या खडीच्या वळणावर तेवढ्याने मागचं चाक सरकतं. वळणाआधी असिस्ट एक पायरी खाली आणा, पायही थोडे आधीच थांबवा.

७५ किलोच्या स्वाराला पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय हवा ठीक बसते. सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारं द्रव) प्रत्येक टायरमध्ये ६० मिली. मार्च ते मे या काळात ते लवकर सुकतं, दोन महिन्यांनी भर घालावी लागते. बाभळीचे काटे त्यात निभतात. खडीने कडेला चीर गेली तर मात्र आतून तुकडा लावून ट्यूब टाकावी लागते आणि मागचं चाक काढायचं म्हणजे वेगळंच काम. आधी मोटार बंद, मग वायरचा जोड सरळ ओढून सोडवा, पिळू नका. अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाला १८ किंवा १९ मिमीचा पाना लागतो, आपला कोणता ते घरीच मोजून ठेवा. परत बसवताना जोडावरचे बाण समोरासमोर यायला हवेत. अ‍ॅक्सल फिरू न देणारा वॉशर उलटा बसला तर मोटारीच्या जोराने अ‍ॅक्सल फिरून वायर पिळवटते. ही दुरुस्ती महागडी असते.

पावसाळ्यात लाल चिखलाने ब्रेक पॅड झपाट्याने झिजतात. थर अर्धा मिमी उरायच्या आत बदला, पावसापुरते मेटलचे घाला. चेनला तेलाऐवजी मेण असलेलं वंगण, नाहीतर धुळीची पेस्ट होते. चार्जिंगचं तोंड पायडलजवळ, अगदी चिखलाच्या माऱ्यात आहे आणि त्याचं रबरी झाकण सैल पडतं. ही रचनेतलीच चूक वाटते. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. तोंड पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जर लावू नका.

२ अ‍ॅम्पिअरच्या चार्जरने पूर्ण चार्जिंगला साडेतीन तास लागतात. उन्हातून आल्यावर तासभर सावलीत थंड होऊ द्या. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. बॅटरी निघत नसल्याने सायकलच प्लगपर्यंत न्यावी लागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लिफ्टमध्ये ती उभी मावते का ते आधी पाहावं. विमानातून ही सायकल नेता येत नाही, कारण प्रवाशांना १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी चालत नाही.

विकत घेतानाच मोटारीच्या चाकाचे चार जादा स्पोक मागून घ्या. ते नेहमीच्या स्पोकपेक्षा आखूड असतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.