“हजेरी आमची जबाबदारी”: एलएलबीच्या नावाखाली होणारी फसवणूक

डिचोली तालुक्यातली मुलगी. गोवा विद्यापीठाची बी.कॉम., पणजीत एका खासगी ऑफिसात नोकरी. वकील व्हायची इच्छा जुनी, पण घर तिच्या पगारावर चालणारं. ओळखीतून एक ‘प्रवेश सल्लागार’ भेटला. तो तिच्या वडिलांना म्हणाला, “भाऊ, बायने नोकरी सोडायची काही गरज नाही. परराज्यातलं कॉलेज आहे, तीन वर्षांची एलएलबी, शनिवार-रविवारची बॅच. हजेरी आमची जबाबदारी.” सीट अडवायला २५ हजार, मग वर्षाला ६० हजार, सगळे त्याच्या स्वतःच्या यूपीआय खात्यावर. मूळ गुणपत्रिका आणि पदवी ‘पडताळणीसाठी’ म्हणून ठेवून घेतली. परीक्षा ‘ऑनलाइन’ झाल्या, गुणपत्रिका व्हॉट्सॲपवर आल्या. दुसरं वर्ष संपताना तिने थेट कॉलेजला फोन केला, तेव्हा कळलं की तिथल्या रजिस्टरला तिचं नावच नाही. १ लाख ४५ हजार रुपये गेले, दोन वर्षं गेली, आणि मूळ कागद त्या माणसाकडेच अडकले.

कॉलेज खरं होतं, मान्यताप्राप्त होतं. फसवणूक नेमकी इथेच मुरते. वडिलांनी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत कॉलेजचं नाव पाहिलं होतं, ते सापडलं, आणि त्यांचा विश्वास बसला. यादी फक्त कॉलेज आहे एवढंच सांगते. तुमचा प्रवेश झाला की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी ज्या विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे, त्याच्या संकेतस्थळावरून कॉलेजचा नंबर घ्यायचा आणि ऑफिसात स्वतः विचारायचं. दलालाने दिलेल्या नंबरवर विचारून काहीच सिद्ध होत नाही, पलीकडे त्याचाच माणूस बसलेला असतो.

खरं तर पहिल्याच भेटीत हा व्यवहार मोडायला हवा होता, आणि त्यासाठी साधा हिशेब पुरेसा होता. बार कौन्सिलचे २००८ चे कायदे शिक्षणाचे नियम सांगतात, की तीन वर्षांच्या एलएलबीला सत्र किमान १५ आठवड्यांचं आणि आठवड्याला किमान ३० तास वर्ग. निवासी नसलेल्या संस्थेत वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात. शनिवार-रविवार दोन्ही दिवस अखंड शिकवलं, तरी २२ तासच होतात. म्हणजे नियमात बसणारी शनिवार-रविवारची एलएलबी असूच शकत नाही. त्यावर प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीची अट आहे. थोडी सूट मिळते, पण तीही ६५ टक्क्यांच्या खाली जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी सांगितली आणि विद्यार्थ्याने नोकरीबद्दल व एकाच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या पदवीबद्दल लेखी जाहीर करावं, असंही बजावलं. “हजेरीचं आम्ही बघतो” हे शब्द कानावर पडले की तिथेच उठायचं. दूरशिक्षणाने घेतलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही, तेव्हा ‘कॉरस्पॉन्डन्सने वकील’ हाही तसलाच माल.

दुसरी गोष्ट मायग्रेशन सर्टिफिकेटची. गोवा विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर हा दाखला लागतो. या मुलीकडे दोन वर्षांत तो कोणीच मागितला नाही. एजंट गुणपत्रिका मागतो, फोटो मागतो, आधार मागतो, पण मायग्रेशनचं नाव काढत नाही. कारण तिकडे प्रवेशच होणार नसतो.

आणखी एक आमिष असतं ते वाचणाऱ्या वर्षाचं. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम केला तर बी.ए.सारखी पदवी आणि एलएलबी, दोन्ही पाच वर्षांत होतात. आधी पदवी आणि मग एलएलबी, असं केलं तर सहा लागतात. हे एक वर्ष दलाल विकायला काढतो. “बी.ए. झालंय ना, मग पाच वर्षांच्या कोर्सला थेट तिसऱ्या वर्षात घालतो,” असं सांगतो. नियमांनी असा मधला शिरकाव बंद आहे. मधूनच एक पदवी घेऊन बाहेर पडणंही चालत नाही. पदवीधराची वाट तीन वर्षांच्या एलएलबीचीच, आणि त्यासाठी पदवीला ४५ टक्के हवेत, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांच्या कोर्सला हीच टक्केवारी बारावीची धरतात. टक्के कमी असतील तर “करून देतो” म्हणणारा माणूस तुम्हाला सनदेच्या दारात अडकवून ठेवणार आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘मॅनेजमेंट सीट’चे मेसेज क्लॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेच्या निकालानंतर येतात. क्लॅटला १२० प्रश्न, दोन तास, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. जागा गुणवत्तेनुसार या विद्यापीठांचं कन्सॉर्टियम (संघ) वाटतं आणि समुपदेशनाची फीही त्यांच्याच पोर्टलवर भरायची असते. मधल्या कोणाला एक रुपयाही देऊ नये. कुठलं तरी नवं कॉलेज “मान्यता येतेच आहे” म्हणून पैसे मागत असेल तर हेही माहीत असू दे: बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या कॉलेजांवर तीन वर्षांची स्थगिती घातली आहे.

गोव्यात राहूनच वकिली करायची असेल, तर परराज्यातली स्वस्त सीट शोधण्याआधी मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे या दोन लॉ कॉलेजांत चौकशी करा. इथलं कौटुंबिक आणि वारसाचं कामकाज १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या मुळावर उभं आहे. इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी), पती-पत्नीची सामाईक मालमत्ता, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्यांचे) दावे, कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक संस्थेच्या) जमिनी, हे सगळं बाहेर शिकलेल्याला इथे येऊन नव्याने शिकावं लागतं.

आता पैसे गेलेच असतील तर काय? त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे “आठ दिवस वाट बघू” हे करू नये. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, चॅट, पावत्या, ऑनलाइन परीक्षेच्या लिंक, काहीही पुसायचं नाही. सगळं घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे ठाण्यात जायचं. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.

प्रवेश खरा असेल आणि तो रद्द करायचा असेल, तर वाट वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कॉलेजला मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यातून जास्तीत जास्त ५ हजार रुपये वजा. त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के अशी उतरण, आणि शेवटची तारीख उलटून ३० दिवस झाले की काहीच नाही. अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते.

मूळ गुणपत्रिका परत मिळत नसतील तर पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडून दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा: दहावी-बारावीच्या गोवा बोर्डाकडे, पदवीच्या विद्यापीठाकडे. पुढच्या प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असतात, म्हणून हे काम तक्रारीच्या निकालासाठी थांबवू नका.