‘फ्रेश लॉट’ म्हणून गळ्यात मारलेले जुने डिस्प्ले

मी सोसायट्यांसाठी पाण्याच्या टाकीचे लेव्हल कंट्रोलर बनवतो. पेटीच्या दारावर निळा १६ बाय २ (दोन ओळी, ओळीत १६ अक्षरं) एलसीडी असतो: टाकी किती भरली, पंप चालू की बंद, एवढंच. हे डिस्प्ले पुण्यात, बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत घेतो. तिथले बहुतेक दुकानदार चोख. माल हलका असेल तर तोंडावर सांगतात. या खेपेला त्याच भागात माडीवर बसणाऱ्या एका विक्रेत्याने नगामागे बराच कमी भाव सांगितला. ‘दादा, फ्रेश लॉट आहे, कालच आला.’ काउंटरवर एक नग लावूनही दाखवला. झगझगीत उजेड.

थोड्याच दिवसांत सिंहगड रोडवरच्या सोसायटीतून सेक्रेटरी काकांचा फोन: ‘अहो, तुमचा डिस्प्ले डोळे मिचकावतोय.’ पाठोपाठ दुसरीकडूनही तेच.

विक्रेत्याकडे उत्तर तयार होतं. ‘तुमच्या सप्लायला रिपल असेल,’ म्हणजे व्होल्टेज स्थिर नसेल. सप्लाय बदलून पाहिला. मग ‘पंपाच्या कॉन्टॅक्टरचा (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) झटका येत असेल.’ पंप बंद असतानाही लुकलुक चालूच. शेवटी त्याने मोबाइलचा कॅमेरा माझ्या डिस्प्लेवर धरला आणि सरकते पट्टे दाखवले: ‘बघा, दोष तुमच्याच सर्किटमध्ये.’

ही हातचलाखी नीट समजून घ्या. रात्री उजेड कमी करण्यासाठी मी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागची एलईडी, पीडब्ल्यूएमवर, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करत, चालवतो. मी वापरतो त्या आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाच्या बहुतेक पिनांवर त्याची फ्रिक्वेन्सी सुमारे ४९० हर्ट्झ, म्हणजे एलईडी सेकंदाला तितक्या वेळा विझते-पेटते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्यात पट्टे उमटतात. नवाकोरा डिस्प्ले लावला तरी उमटतील. डोळ्याला दिसणारी लुकलुक वेगळी, आणि तिची कारणं खरोखरच अनेक असतात: सप्लाय, ग्राउंड, सैल कनेक्टर. असल्या विक्रेत्यांचं फावतं ते इथेच. कशाकडेही बोट दाखवलं तरी पटतं.

म्हणून सर्किटच बाजूला काढलं. या मॉड्यूलवर पिन १५ बॅकलाइटचा प्लस, १६ मायनस. मोबाइल चार्जरचे पाच व्होल्ट थेट त्या दोन पिनांना दिले. कंट्रोलर नाही, प्रोग्रॅम नाही, पीडब्ल्यूएम नाही. अक्षरं उमटत नाहीत, नुसता उजेड. दहाएक मिनिटं छान चालला, मग मिचमिच सुरू. थंड होऊ दिला की पुन्हा ठीक. माझ्याकडचा आधीच्या खरेदीतला नग त्याच चार्जरवर तासभर ठेवला. त्याला काही झालं नाही.

मग न जोडलेल्या नगांची पाठ भिंगाखाली पाहिली. पिनांच्या भोकांत आधीच्या सोल्डरचा थर, कडेला खरवडलेला फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो चिकट पदार्थ), पत्र्याच्या फ्रेमचे कान दोनदा पिळलेले. कुठल्यातरी मोडीतल्या मशिनांतून काढून, पुसून, वर नवी फिल्म चिकटवलेला माल. खरी गोम बॅकलाइटच्या रेझिस्टरपाशी होती. पांढऱ्या एलईडीला तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात, उरलेले त्या रेझिस्टरने खायचे. चांगल्या नगावर १०१ असा छाप होता, म्हणजे १०० ओहम. करंट २० मिलिअँपच्या आत. या नगांवर रेझिस्टरच्या जागी सोल्डरचा थेंब, आणि मीटरवर करंट ८० मिलिअँपच्या पुढे. वापरून मंद झालेली एलईडी दुकानात झळकावी म्हणून केलेला उद्योग! अशी एलईडी तापते, आतला जोड सुटतो, उजेड जातो. निवली की जोड पुन्हा टेकतो. काउंटरवर मिनिटभर पेटवून हे कळणारच नाही. करंट मात्र लगेच कळतो. तेव्हा घेताना मीटर सोबत न्या आणि नग उलटा करून पाहा. पाठ दाखवायला कोणी का-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

बिलाचीही गंमत ऐका. मिळाली ती कच्ची चिठ्ठी, त्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीदेखील. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक कसले?’ असंही ऐकवलं गेलं. स्वयंरोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत कायदा आपल्याला ग्राहकच मानतो, हे त्याला माहीत नव्हतं, किंवा नसल्याचं सोंग होतं.

भिंगातून काढलेले फोटो समोर ठेवल्यावर न जोडलेल्या नगांचे पैसे त्याने मुकाट्याने मोजले. जोडलेल्यांबद्दल म्हणाला, ‘त्यावर तुम्ही सोल्डर केलंय, आता कुठला डाग कोणाचा ते कसं ठरवायचं?’ त्यामुळे आता कुठलाही नग जोडण्याआधी मी त्याच्या पाठीचा फोटो काढतो. सोसायट्यांमधले डिस्प्ले मी पदरमोड करून बदलून दिले. त्या पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. उत्तर अजून यायचं आहे.