मिरजेचा तंबोरा: नक्षी सोडा, जवारी ऐका

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेल्या माणसाची नजर आधी वेलबुट्टीवर जाते. तिचा आवाजाशी काही संबंध नाही, किमतीशी मात्र भरपूर आहे. साधा, बिननक्षीचा तंबोरा मागा. वाद्य म्हणून मिरजेचा तंबोरा आजही पहिल्या पसंतीचा आहे, पण तो पारखून घ्यावा लागतो.

इथला माल चांगला का, तर गावच तसं घडलंय. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. एकाच सौद्यात मराठी, कानडी आणि दख्खनी ऐकू येते. आदिलशाही झाली, मराठे आले, पटवर्धनांचं संस्थान झालं, आणि दर खेपेला बाहेरची माणसं येऊन वसली. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांचं काम राजवट बदलल्यावर आटलं, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तेच हात वाद्यांना लावले. उत्तरेकडच्या कैरान्याचे गायक अब्दुल करीम खाँ पुढे इथेच राहिले. १९३७ साली ते गेल्यावर त्यांना इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. पुणे-बंगळूर लोहमार्गावरचं जंक्शन असल्यामुळे धारवाड-हुबळीचे गवईही वाटेत उतरत. दारात असं गिऱ्हाईक असल्यावर बेसूर माल खपणार कसा? तंबोऱ्याचा खालचा गोल भोपळासुद्धा गावचा नाही, तो भीमेकाठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा.

पारख भोपळ्यापासूनच सुरू करा. भोपळा बोटांनी सगळीकडून वाजवा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथे साल पातळ आहे किंवा आतून भरणा केलाय. पॉलिशखाली चीर सहज लपते, म्हणून गळा आणि भोपळा जुळतो तो सांधा उजेडात धरून बघा. मग मेरूकडून, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीकडून, एक डोळा मिटून दांडीवर नजर टाका. दांडीचं तून जातीचं लाकूड नीट वाळलेलं नसेल तर तारांच्या ताणाने दांडी पुढे वाकते, आणि त्या वाकाला पुढे इलाज नाही.

खरी परीक्षा जवारीची, म्हणजे भोपळ्यावरच्या घोडीवर तारा टेकतात तिथल्या घासणीतून येणाऱ्या गुंजणाऱ्या आवाजाची. तंबोरा दुकानदाराच्या सोयीच्या पट्टीत नको, तुमच्या पट्टीत, म्हणजे तुम्ही गाता त्या सुरात लावून मागा. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) बसवलेली जवारी काळी चारला तशीच बोलेल असं नाही. तारांचे नंबर, म्हणजे जाडीही बदलावी लागते. जोड, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा, मिळाला की खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार एकटी छेडा आणि तिच्याखालचा दोरा घोडीवर केसभर पुढे-मागे सरकवा. एका ठिकाणी तार उघडते आणि खर्जातून गंधार (ग) स्वच्छ ऐकू येतो. ती जागा सापडत नसेल, किंवा तार नुसती झणझणत असेल, तर घोडीचा उतार चुकलाय. तिथल्या तिथे घासून मागा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही, फक्त वेळ घेतो. नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं वाजवल्याशिवाय मत बनवू नका.

घोडी हाडाची, शिसवी किंवा फायबरची मिळते. हाडाची जास्त टिकते. फायबरची स्वस्त असते, पण तारांच्या खाचा लवकर पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. ‘जुनं सांबरशिंग आहे’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर तिथून निघा. त्याच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे कुठल्याही गावचं वाद्य ‘मिरज’ म्हणून खपवणं अवघड होईल, हे बरंच. तुमच्या हातातला तंबोरा चांगला आहे, हे मात्र त्यातून ठरत नाही.

तारा ताणायच्या खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन फिरतात. सैल खुंटीला खडू लावा. तेल चुकूनही नको.

आमची नाराजी एकाच गोष्टीवर, पॅकिंगवर. गवसणी (कापडी खोळ) आणि पुठ्ठा एवढ्यावर तंबोरा ट्रान्सपोर्टला द्यायची पद्धत अजून आहे, आणि भोपळा फुटतो तो वाटेतच. लाकडी खोक्याचे पैसे वेगळे मोजा, तारा उतरवून घ्या, घोडी काढून वेगळी गुंडाळा आणि भोपळ्याच्या चारही बाजूंना भुसा ठासून भरायला सांगा. सांगली-साताऱ्याचे असाल तर गाडी घेऊन स्वतःच जा, आणि मागच्या सीटवर भोपळ्याखाली गादी टाका.