मायलोमातील टी-पेशी : पीडी-१ की टिजिट?
मल्टिपल मायलोमाच्या (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णांमधील टी-पेशींवरचा, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींवरचा, कोणता लगाम (त्यांना आवरणारे प्रथिन) प्रबंधासाठी निवडावा, पीडी-१ की टिजिट, असे एका विद्यार्थिनीने विचारले आहे. उपचारांचा अनुभव पाहता पीडी-१चे पारडे हलके ठरते : पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध लेनालिडोमाइड किंवा पोमॅलिडोमाइड या मायलोमावरील औषधांच्या जोडीने दिलेल्या चाचण्यांत ते घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक दिसल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्या रोखल्या. टिजिट मात्र रुग्णांच्या अस्थिमज्जेतील सीडी८ पेशींवर (कर्कपेशींना मारणाऱ्या टी-पेशींवर) ठळकपणे आढळतो, आणि तो अडवल्यावर मायलोमाचे उंदीर अधिक जगले. अर्थात, उंदरांवरील यश म्हणजे रुग्णांवरील यश नव्हे. पीडी-१ नुकत्याच सक्रिय झालेल्या पेशींवरही असतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावरून पेशी थकल्याचा (दीर्घ लढ्याने निष्प्रभ झाल्याचा) निष्कर्ष काढू नये. उपचार का फसले हे शोधायचे असल्यास पीडी-१ घ्यावा. नवे लक्ष्य तपासायचे असून मज्जेचे नमुने मिळणार असतील, तर टिजिट.