कोल्हापुरातून पोस्ट-डॉक: एआय साक्षरता आणि अपमाहितीच्या संशोधनासाठी कोणती वाट घ्यावी?

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली, पेढे वाटून झाले, की शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील संशोधकापुढे एक जुनाच प्रश्न उभा राहतो: तासिका तत्त्वावर एखाद्या महाविद्यालयात शिकवत कायम जागेच्या जाहिरातीची वाट पाहावी, की दोन वर्षे पोस्ट-डॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या पूर्णवेळ संशोधनाला, द्यावीत? विषय एआय साक्षरतेचा (कृत्रिम बुद्धिमत्ता समजून, पारखून वापरण्याच्या क्षमतेचा) किंवा अपमाहितीचा (खोट्या, दिशाभूल करणाऱ्या माहितीचा) असेल तर निर्णय अधिकच अवघड होतो, कारण या क्षेत्रातील संधी पत्रकारिता, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा पाच दारांमागे विखुरलेल्या आहेत आणि ज्याला एका दारातून सहज प्रवेश मिळतो तो दुसऱ्या दारात पात्रच ठरत नाही. भारतातील दोन फेलोशिप, युरोपातील दोन मार्ग आणि अमेरिकेतील एक, इतक्यांचीच तुलना येथे केली आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी असल्यामुळे ती या हिशेबात धरता येत नाही. अनेकांची तशी समजूत असते म्हणून हे आधीच नोंदवले.

पोस्ट-डॉकला गेल्यास अध्यापनाची वर्षे बुडतील, ही सर्वांत मोठी धास्ती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीच्या तक्त्यात अध्यापन आणि पोस्ट-डॉक्टरल अनुभव एकाच ओळीत आहेत: प्रत्येक वर्षाला दोन गुण, कमाल दहा. म्हणजे त्या तक्त्यापुरते पाहिले तर दोन वर्षे तासिकांवर काढली काय आणि दोन वर्षे फेलोशिपवर काढली काय, गुण चारच. शोधनिबंधांसाठी मात्र वेगळे गुण आहेत, आणि आठवड्याचे तास भरून, पेपर तपासून, शिवाय प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाची कामे करून निबंध लिहिणे कितपत जमते हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ४५ आहे. आपल्याकडे नोकरी आणि घर सांभाळून पदवी मिळवणाऱ्यांचे वय बहुधा चाळिशीकडे झुकलेले असते, त्यामुळे ही अट इतरांपेक्षा पुष्कळ उदार म्हणावी लागेल. प्रश्न आपला, संलग्न संस्था आपण निवडायची आणि क्षेत्रकार्य करवीर, शिरोळ किंवा गडहिंग्लजमध्ये करायचे, हे सर्व तिच्यात बसते. तिची उणीव पैशांपेक्षा सहवासाची आहे. प्रयोगाची रचना, नमुन्याची निवड आणि परिणामाचे मोजमाप यांत रोज चुका दाखवणारा चमू प्रत्येक विभागात मिळेलच असे नाही, आणि या विषयात पद्धतीची कसोटी कठोर असते.

ती किती कठोर असते हे बिहारमधील दोन अभ्यासांवरून कळते. राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात घरोघरी जाऊन सुमारे तासाभराचे माध्यम-साक्षरतेचे प्रशिक्षण दिले, पण त्यामुळे खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत एकंदर लक्षणीय फरक पडला नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे ५८३ गावांतील सुमारे १३,५०० किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी अनेक आठवडे वर्ग घेतले, तेव्हा मात्र परिणाम दिसला आणि चार महिन्यांनंतरही टिकला. महाविद्यालयात एका दुपारी व्याख्यान ठेवून जागृतीचा अहवाल पाठवणाऱ्या आपल्या सर्वांनाच हा निष्कर्ष थोडा मनाला लागतो. मराठी शाळांत हाच प्रयोग काय सांगेल, हा स्वतंत्र फेलोशिपला पुरेल एवढा प्रश्न आहे.

राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपबद्दल थोडक्यात सांगता येईल. पूर्वी ती विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती; फेब्रुवारी २०२४ पासून अस्तित्वात आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने त्या मंडळाची जागा घेतली. वयोमर्यादा ३५, महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत, कालावधी दोन वर्षे, आणि लाभ आयुष्यात एकदाच. पत्रकारितेच्या पीएच.डी.ला येथे जागा नाही. संगणकशास्त्राच्या उमेदवाराने मात्र हिचा गांभीर्याने विचार करावा, कारण मराठी मजकुरावर काम करण्यासाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाची महाबर्टसारखी मराठी भाषेची संगणकीय प्रारूपे आणि माहितीसंच आज हाताशी आहेत, आणि दहा वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते.

युरोपचा विचार अधिक बारकाईने करायला हवा, कारण या विषयाला तेथे कायद्याचे पाठबळ आहे. युरोपीय संघाच्या एआय कायद्यातील चौथे कलम २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले. एआय प्रणाली पुरवणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या एआय साक्षरतेसाठी उपाय योजावेत असे ते सांगते. डिजिटल सेवा कायद्याच्या ४० व्या कलमाने मोठ्या समाजमाध्यमांची माहिती मागण्याचा मार्ग पडताळणी झालेल्या संशोधकांना खुला केला. फेसबुक-इन्स्टाग्रामवरील सार्वजनिक मजकुराचा माग काढणारे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाल्यानंतर अशा मार्गाचे मोल वाढले आहे. परंतु हा हक्क युरोपीय संघातील जोखमींच्या अभ्यासासाठी आहे. आपल्याकडची अफवा मुख्यतः व्हॉट्सॲपच्या खासगी गटांतून फिरते आणि तेथील संदेश कूटबद्ध असतात, त्यामुळे त्या किल्लीने आपले कुलूप उघडत नाही. त्यासाठी माणसांच्या घरी जाऊन, त्यांच्या संमतीनेच माहिती गोळा करावी लागते.

युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपच्या युरोपीय प्रकारात राष्ट्रीयत्वाची अट नाही आणि कालावधी १२ ते २४ महिन्यांचा असतो. यजमान देशात मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे, ही अट कोल्हापुरातून प्रथमच बाहेर पडणाऱ्याला आपोआप अनुकूल ठरते. २०२५ च्या फेरीत निर्वाह भत्ता दरमहा ५,९९० युरो आणि त्यावर ७१० युरो स्थलांतर भत्ता होता. हा आकडा पाहून हरखून जाऊ नये. देशानुसार तो बदलतो, त्यातूनच यजमान संस्थेचा नियोक्ता म्हणून असलेला वाटा वजा होतो आणि मग उरलेल्यावर कर लागतो. स्पर्धा तर विलक्षण आहे: त्या फेरीत १७ हजारांहून अधिक अर्ज आले. त्या फेरीच्या नियमानुसार दहा पानांत मांडलेल्या प्रस्तावाला ७० टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळाले तर पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता येत नव्हता. शेवटची तारीख साधारणपणे सप्टेंबरमध्ये, म्हणजे बहुधा गणपतीच्या धामधुमीत येते. घाईने लिहिलेला अर्ज न पाठवणेच बरे.

या फेलोशिपमधील एका तरतुदीकडे आपल्याकडच्या उमेदवारांचे फारसे लक्ष जात नाही. एकूण कालावधीचा एक तृतीयांश भाग जगातील कोणत्याही देशातील दुसऱ्या संस्थेत, म्हणजे कोल्हापुरातही, घालवता येतो. २४ महिन्यांच्या फेलोशिपमध्ये हे आठ महिने होतात, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि त्याच्या पुढे-मागे बराच काळ. पंचगंगेच्या पुराचे दिवस आठवून पाहावेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते तोच कुठला तरी जुना व्हिडिओ नव्या तारखेने गटागटांत फिरू लागतो. मात्र राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे येथील शाळकरी मुलालाही माहीत असतात, त्यामुळे “आत्ता किती फूट?” असे विचारले की पुष्कळशा अफवा तेथेच गळून पडतात. एआयने बनवलेल्या आवाजासाठी किंवा चित्रासाठी सामान्य माणसाच्या हाती असा कोणताही आकडा नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून शहरात तणाव उसळला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली, तेव्हा तर पडताळणीची साधनेही हातची गेली. एका बाबतीत चोखंदळ असलेला समाज दुसऱ्या बाबतीत का फसतो, हे तपासण्यासाठी कोल्हापूरसारखी जागा शोधून सापडणार नाही, असे माझे मत आहे.

युरोपातील दुसरा मार्ग प्रकल्पाधारित जागांचा. त्यांच्या जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या पानांवर वर्षभर येतात. येथे वेतन नियमित असते, निवड बहुधा दूरदृश्य मुलाखतीने होते आणि यशाची शक्यता क्युरी फेलोशिपपेक्षा बरी वाटते. मात्र प्रश्न त्यांचा असतो आणि हात आपले. मराठी जाणणारा संशोधक हवा असलेल्या प्रकल्पात आपण निव्वळ भाषांतरकार आणि माहिती-संकलक होऊन बसण्याचा धोका खरा आहे. म्हणून महाराष्ट्रातील क्षेत्रकार्याचा खर्च, जमवलेल्या मराठी सामग्रीवरील हक्क आणि किमान एका निबंधाचे प्रथम लेखकत्व, या तीन गोष्टी रुजू होण्याआधी लेखी मागाव्यात. युरोपीय संस्थेच्या वतीने येथील लोकांची माहिती गोळा केली तरी तिला युरोपचा माहिती-संरक्षण नियम लागू होतो, तेव्हा मराठी संमतिपत्रे आणि नैतिक समितीची मंजुरी यांसाठी काही महिने राखून ठेवावे लागतात.

अमेरिकेला मी सध्या यादीत शेवटी ठेवतो. फुलब्राइट-नेहरू पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ८ ते २४ महिन्यांची आणि पीएच.डी.नंतरच्या चार वर्षांतील उमेदवारांसाठी आहे. तिची प्रतिष्ठा वादातीत आहे आणि तिच्यासोबतच्या व्हिसामुळे नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन येते, जे परतण्याचा बेत असणाऱ्याला जाचक नाही. अडचण क्षेत्राची आहे. अपमाहितीचा अभ्यास करणारी स्टॅनफर्ड विद्यापीठाची इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी २०२४ मध्ये जवळपास गुंडाळली गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संशोधन-अनुदान संस्थेने अपमाहितीवरील संशोधनाची अनुदाने रद्द केली. आपली फेलोशिप सुरक्षित राहिली तरी यजमान प्राध्यापकाचा प्रकल्पच बंद पडला तर शिकायचे कोणाकडून?

संगणकशास्त्राचा पस्तिशीच्या आतील उमेदवार असेल तर त्याने राष्ट्रीय फेलोशिप आणि युरोपातील प्रकल्पाची जागा यांसाठी एकाच वेळी प्रयत्न करावेत. चाळिशीतल्या, घरची जबाबदारी असलेल्या समाजशास्त्राच्या किंवा पत्रकारितेच्या संशोधिकेला मी परिषदेची फेलोशिप सुचवेन, मात्र बाहेरच्या एखाद्या पद्धतितज्ज्ञाला सह-मार्गदर्शनाची विनंती आधीच करून. पदवी नुकतीच हाती आलेल्या आणि ज्याचा प्रश्न येथल्याच मातीतला आहे अशा सामाजिक शास्त्रांच्या संशोधकाने क्युरी फेलोशिपचा अर्ज करावा, आणि त्याच वर्षी परिषदेचाही. यजमान प्राध्यापकाला पहिले पत्र मार्च-एप्रिलमध्ये जावे, त्यात कोल्हापुरात घालवायच्या आठ महिन्यांचा आराखडा असावा, आणि ते पत्र पाठवण्यापूर्वी येथील संबंधित विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून त्यांची तयारी आहे की नाही हे विचारून घ्यावे.